पवनेचे पाणी : साठा, प्रवाह आणि हिशेब

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

पाऊस लांबला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक लहानशी चौकट दिसू लागते. पवना, आंद्रा, भामा आसखेड, खडकवासला, पानशेत अशी धरणांची नावे आणि प्रत्येकापुढे टक्क्यांचा आकडा. परीक्षेचा निकाल पाहावा तशी आपण ती चौकट पाहतो. आकडा साठाच्या वर असला की पास, तिसाच्या खाली गेला की नापास. परंतु हा आकडा धरणाचा असतो. धरण आणि आपला नळ यांच्यामध्ये नदी आहे, बंधारा आहे, पंप आहेत, जलशुद्धीकरण केंद्र आहे, उंच टाक्या आहेत आणि जमिनीखालून जाणाऱ्या मैलोगणती नळवाहिन्या आहेत. या सगळ्या वाटेवर पाण्याचे काय होते, ते कोठे मोजले जाते आणि कोठे केवळ अंदाजाने धरले जाते, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात पवना नदी व पिंपरी-चिंचवड शहर यांचे उदाहरण घेऊन तो विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. टंचाईच्या काळात पाणी वाटायचे तर आधी ते मोजले पाहिजे, आणि ते मोजमाप धरणापाशी न थांबता शेवटच्या घरापर्यंत आले पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

पवना आणि तिच्या काठचे शहर

पवना नदी मावळात, लोणावळ्याच्या दक्षिणेस सह्याद्रीच्या रांगेत उगम पावते. पूर्वेकडे वाहत ती रावेतजवळून चिंचवडला येते. तेथे तिच्या काठी मोरया गोसावींचे समाधी मंदिर आहे. पुढे पिंपरी व कासारवाडी मागे टाकून दापोडीच्या बाजूला ती मुळेस मिळते. मुळा-मुठेचे पाणी भीमेला, भीमेचे उजनी धरणात आणि शेवटी कृष्णेला जाते. उगमाकडे घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो. चिंचवडला पोहोचेपर्यंत त्याचे प्रमाण फारच कमी झालेले असते. म्हणजे शहरात छत्री उघडावी लागली नाही तरी मावळात पाऊस झाला तर आपले वर्ष निभावते, आणि शहरात चिखल झाला तरी मावळ कोरडे राहिले तर निभावत नाही. आपले पाणी आपल्या आकाशातून पडत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

या नदीच्या काठी वाढलेले शहर फार जुने नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांच्या शेतांतून कारखान्यांची धुराडी वर आली. १९७० साली या गावांची मिळून नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. २००१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी पुढे होती. २०११ साली ती सव्वासतरा लाखांवर गेली. अवघ्या दहा वर्षांत सात लाख माणसे वाढली. त्यांत आमचेही घर आहे. माझे वडील लातूर जिल्ह्यातून चाकणच्या बाजूला कामाला आले आणि आम्ही येथलेच झालो.

पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे साडेआठ टीएमसी आहे. या धरणाखाली ज्यांची घरे व शेते गेली त्यांतील अनेकांचे पुनर्वसन दीर्घकाळ रखडले, ही गोष्ट शहरात राहणाऱ्यांनी विसरता कामा नये. या धरणाचे एक वैशिष्ट्य असे की शहराकडे येणारे पाणी कालव्यातून येत नाही. ते नदीच्या पात्रातच सोडले जाते, आणि तीस-पस्तीस किलोमीटर वाहत आल्यावर रावेतच्या बंधाऱ्यापाशी पंपांनी उचलून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे पाठविले जाते. औद्योगिक विकास महामंडळही रावेतलाच पाणी उचलते. नदी हाच येथे कालवा आहे. पुढील सारा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

एककांची ओळख

आमच्या वर्गात कला शाखेचे विद्यार्थी असल्याने आकडे दिसले की पाने उलटण्याची सवय आहे. म्हणून येथे तीनच मापे सांगते.

पहिले टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. हे साठ्याचे माप आहे. दुसरे क्युसेक. एका सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर पाणी वाहिले तर तो प्रवाह एक क्युसेक. हे वाहत्या पाण्याचे माप असून खात्याच्या भाषेत त्याला विसर्ग म्हणतात. एक क्युसेकचा प्रवाह चोवीस तास अखंड राहिला तर सुमारे साडेचोवीस लाख लिटर पाणी होते. तिसरे माप दर माणशी दर दिवशी लिटर. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी ते १३५ लिटर असावे असा आपल्याकडचा शासकीय दंडक आहे.

साठा म्हणजे बँकेतील शिल्लक आणि विसर्ग म्हणजे रोजचा खर्च. शिल्लक सांगितली आणि खर्च सांगितला नाही तर घर किती दिवस चालेल हे कोणी सांगू शकणार नाही. वर्तमानपत्रातील चौकट आपल्याला केवळ शिल्लक सांगते.

आता या मापांनी पवनेचा हिशेब करून पाहू. रावेतहून शहरासाठी दररोज साधारण ५० कोटी लिटर पाणी उचलले जाते असे धरले, तर तो सुमारे २०४ क्युसेकचा अखंड प्रवाह झाला. धरणांतील पाण्याचे नियोजन १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर केले जाते आणि पिण्याचे पाणी पुढील १५ जुलैपर्यंत पुरेल असे राखून ठेवले जाते. या मधले दिवस २७३. रोज ५० कोटी लिटर याप्रमाणे २७३ दिवसांस सुमारे ४.८ टीएमसी पाणी लागेल. साडेआठमधून ते वजा केले तर पावणेचार टीएमसी उरते. त्यातून शेती, कारखाने, काठची इतर गावे, बाष्पीभवन आणि वाटेतील तूट हे सर्व भागवायचे. म्हणजे धरण भरलेल्या वर्षीही फार मोठी चैन नाही, आणि पाऊस पंधरा दिवस लांबला तर रोजचा प्रत्येक क्युसेक मोलाचा ठरतो.

वाहते पाणी कसे मोजतात?

साठलेले पाणी मोजणे त्या मानाने सोपे. धरणात पातळीची पट्टी असते, आणि अमुक पातळीला अमुक साठा असे कोष्टक आधी तयार केलेले असते. गाळ साचत जातो तसे ते कोष्टक मात्र अधूनमधून सुधारावे लागते. वाहते पाणी मोजणे अवघड, कारण ते मापात धरेपर्यंत पुढे गेलेले असते.

नदीची पातळी पाहण्याची रीत फार जुनी आहे. इजिप्तमध्ये कैरोजवळ नाईल नदीतील रोडा बेटावर नवव्या शतकात बांधलेला पातळीचा खांब आजही आहे. पुराचे पाणी खांबावर कोठवर चढले यावरून पीक कसे येईल हे समजे आणि शेतसारा त्या मानाने ठरविला जाई. नदीचे मोजमाप व राज्याचा कारभार यांचा संबंध इतका जुना आहे. आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासल्यास १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. ते या शास्त्राचे देशातील मोठे ठिकाण, आणि आपल्या कॉलेजापासून फार लांबही नाही.

रीत अशी. नदीचे पात्र आडवे मोजायचे आणि त्याचे उभे भाग कल्पायचे. प्रत्येक भागाची खोली मोजायची. नंतर तेथील पाण्याचा वेग करंट मीटरने घ्यायचा. या यंत्राला लहान वाट्या किंवा पाती असतात. पाणी जितक्या जोराने वाहील तितके त्यांचे फेरे अधिक. पृष्ठभागावर पाणी जोरात असते, तळाशी व काठाशी घर्षणामुळे मंद असते. म्हणून वेग पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर घेतात. पाणी खोल असेल तर दोन दशांश व आठ दशांश अशा दोन ठिकाणी घेऊन त्यांची सरासरी काढतात. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे त्या भागाचा विसर्ग, आणि सर्व भागांची बेरीज म्हणजे नदीचा.

यंत्र नसले तरी अडत नाही. गेल्या पावसाळ्यात प्रात्यक्षिकासाठी आम्ही चौघींनी मावळातील एका ओढ्यावर हे करून पाहिले. ओढा तीन मीटर रुंद, खोली सरासरी तीस सेंटिमीटर. दहा मीटरचे अंतर दोरीने आखून घेतले आणि वरच्या बाजूने नारळ सोडला. नारळ निम्मा पाण्यात बुडून तरंगतो, त्यामुळे वाऱ्याने फारसा ढकलला जात नाही. त्याला सरासरी पंचवीस सेकंद लागले. म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. सरासरी वेग काढण्यासाठी त्याला ०.८५ ने गुणायचे. उत्तर आले सेकंदाला सुमारे ३०० लिटर, म्हणजे जवळजवळ ११ क्युसेक.

हा आकडा दिसायला किती लहान! पण दिवसाचे गणित केले तर २ कोटी ६४ लाख लिटर होतात. दर माणशी १३५ लिटर धरले तर हे पाणी १ लाख ९५ हजार माणसांना पुरेल. उडी मारून ओलांडता यावा असा तो ओढा. तो पाहताना यातून एका गावाची नव्हे, एका मोठ्या शहराची तहान भागेल असे आमच्यापैकी एकीच्याही मनात आले नव्हते. फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्यात दगड तेवढे होते. एका दिवसाच्या मापावरून नदीबद्दल बोलू नये, हे आम्ही तेथे शिकलो. मोजमाप रोजचे हवे आणि वर्षानुवर्षांचे हवे.

रोज करंट मीटर घेऊन नदीत उतरणे शक्य नसते. म्हणून एकाच ठिकाणी पाणी कमी असताना, मध्यम असताना व पुरात असताना अनेकदा विसर्ग मोजतात आणि अमुक पातळीला अमुक विसर्ग असे कोष्टक करतात. पुढे केवळ पट्टीवरची पातळी वाचली की विसर्ग समजतो. मात्र या कोष्टकावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. पुरानंतर तळ बदलतो. उन्हाळ्यात जलपर्णी माजली की पाणी तुंबून पातळी वाढते, पण प्रवाह वाढलेला नसतो. बंधाऱ्याच्या मागे तर पाणी जवळजवळ उभेच असते. तेथील पातळीवरून साठा कळेल, प्रवाह कळणार नाही. पट्टी खोटे बोलत नाही, पण तिला काय विचारायचे हे वाचणाऱ्यास ठाऊक असावे लागते.

धरणापासून रावेतपर्यंत

पवना धरणाच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. त्यातून सोडलेले पाणी नदीत येते. समजा, केंद्रातून चार तास १,४०० क्युसेकने पाणी सोडले. चोवीस तासांवर पसरले तर ते सरासरी २३३ क्युसेक होईल. रावेतला २०४ क्युसेक हवे आहेत. कागदावर २९ क्युसेक शिल्लक दिसतात. पण नदी कागदाप्रमाणे वाहत नाही. सोडलेले पाणी रावेतला पोहोचण्यास वेळ लागतो. वाटेत कोरडे पात्र आधी स्वतःची तहान भागवते. काही पाणी जमिनीत मुरते, काही उन्हाने उडते. दोन्ही काठांवर शेतकऱ्यांचे पंप आहेत. त्यांतील अनेकांचा पाण्यावर रीतसर हक्क आहे. शिवाय काठच्या गावांच्या पाणीयोजना आहेत. या साऱ्या वाटेतल्या घटीला पाटबंधाऱ्याच्या भाषेत वहनव्यय म्हणतात.

यात आणखी एक मेख आहे. शेतावर वीज असते तेव्हा मोटारी चालतात, नसते तेव्हा थांबतात. त्यामुळे एकाच दिवसात नदीचा प्रवाह वर-खाली होतो. सकाळी आठला पट्टी वाचली तर एक उत्तर, दुपारी दोनला वाचली तर दुसरे. दिवसातून एकदा घेतलेली नोंद टंचाईत फसवी ठरू शकते. शिवाय पाणी सोडणारे जलसंपदा खाते वेगळे आणि उचलणारी महानगरपालिका वेगळी. किती सोडले हे एका वहीत, किती उचलले हे दुसऱ्या वहीत. मधल्या तीस-पस्तीस किलोमीटरांचा हिशेब या दोन वह्यांच्या वजाबाकीनेच मांडावा लागतो. वजाबाकी तूट किती ती सांगते, ती कोणामुळे झाली हे सांगत नाही. मग जो तो आपल्या समजुतीप्रमाणे बोट दाखवतो. शहर म्हणते, पाणी शेतकरी घेतात. शेतकरी म्हणतात, शहर नासाडी करते. मुरले किती आणि उडाले किती याचा आकडा कोणाच्याच हाती नसतो.

या २०४ क्युसेकमध्ये एका दशांशाची चूक झाली तर काय होईल? २० क्युसेक म्हणजे दिवसाला जवळजवळ पाच कोटी लिटर. १३५ लिटरच्या दंडकाने हे ३ लाख ६० हजारांहून अधिक माणसांचे पाणी होय. मोजमापातील लहानशी ढिलाई म्हणजे एका मोठ्या वस्तीची तहान, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

रावेतपासून नळापर्यंत

नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवड शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षे तसाच चालू राहिला. विशेष म्हणजे त्या वर्षी दुष्काळ नव्हता. २०१९ च्या पावसाळ्यात पवना धरण पूर्ण भरले होते. याउलट २०१६ च्या उन्हाळ्यात शहरात पाणीकपात झाली तिला आदल्या वर्षीच्या अपुऱ्या पावसाचे कारण होते. दोन्ही वेळा घरातील बाई रिकाम्या हंड्याकडे सारखीच पाहत होती, पण कारणे निराळी होती. एकदा शिल्लक कमी पडली. दुसऱ्यांदा शिल्लक असूनही उपसण्याची, शुद्ध करण्याची व सर्वांना सारखे पोहोचविण्याची ताकद वाढत्या शहराला पुरली नाही. अवर्षण आणि टंचाई हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, ते बरोबर नाही. अवर्षण आकाशात होते, टंचाई जमिनीवर होते, आणि दुसरीवर उपाय करणे माणसाच्या हाती असते.

शहराने नवे उद्भव शोधले. आंद्रा धरणातून १० कोटी लिटर व भामा आसखेड धरणातून १६ कोटी ७० लाख लिटर पाणी दररोज पिंपरी-चिंचवडसाठी राखून ठेवण्यात आले. आंद्रेचे पाणी इंद्रायणीतून निघोजे येथे उचलून चिखलीच्या केंद्रात शुद्ध केले जाते. हे आवश्यकच होते. परंतु जुन्या पाण्याचा हिशेब नीट लागल्याशिवाय नवे पाणी किती दिवस पुरेल?

पुन्हा थोडे गणित. ५० कोटी लिटरला १३५ ने भागले तर ३७ लाख माणसे येतात. वाटेत एकतृतीयांश पाणी गळतीत किंवा बिनहिशेबी गेले असे समजा. मग २४-२५ लाखांना पुरेल. शहरात आज माणसे नेमकी किती? २०११ नंतरची शिरगणती २०२१ साली व्हायची ती लांबली. म्हणजे भागाकारात वरचा आकडा अंदाजाचा आणि खालचाही अंदाजाचा. अशा भागाकाराचे उत्तर प्रत्येकाला सोयीचे काढता येते.

मोजमाप नळापर्यंत का आले पाहिजे हे मला पुस्तकापेक्षा घरात अधिक कळले. माझी आई शाळेत गेलेली नाही. आकडे तिला ओळखतात, वाचता फारसे येत नाही. आमची वस्ती चढावर, वाहिनीच्या अगदी टोकाला आहे. आई कॅलेंडरवर पाण्याच्या दिवशी खूण करते आणि भरलेल्या हंड्यांच्या रेघा ओढते. पाणी कमी आले तर धुण्याचा दिवस पुढे ढकलायचा, एवढाच तिचा हेतू. मी त्या पानांचा तक्ता केला. पाणी येण्याची वेळ व बंद होण्याची वेळ हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जवळजवळ सारखी होती, पण एप्रिल-मेच्या चौकोनांत रेघा स्पष्टपणे कमी होत्या. 'दोन तास पाणी आले' हे दोन्ही ऋतूंत खरे होते आणि तरीही दोन्ही वेळा पाणी सारखे नव्हते.

याचा उलगडा बादलीने होतो. पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल तर दोन तासांत १,८०० लिटर मिळतील. तीच बादली भरायला तीन मिनिटे लागत असतील तर ६०० लिटर. पाच माणसांच्या कुटुंबाला दोन दिवसांसाठी १३५ च्या दंडकाने १,३५० लिटर हवेत. पहिल्या घरात पाणी उरते, दुसऱ्यात निम्म्याहून कमी मिळते. वेळापत्रक मात्र दोघांना एकच. जे ओढ्यात शिकलो तेच येथेही लागू आहे. प्रवाह ठाऊक नसेल तर नुसत्या वेळेला अर्थ नाही. आणि या कमी पाण्याची किंमत बहुधा घरातल्या मुली देतात. पाण्याच्या दिवशी पहिल्या तासाला वर्गात कोण नसते, हे आपल्या हजेरीपटावरून कोणासही पाहता येईल.

मोजमाप आणि न्याय

९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडपर्यंत बंद नळवाहिनी टाकण्याच्या योजनेस त्यांचा विरोध होता. पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक मृत्युमुखी पडले. योजनेला स्थगिती मिळाली. शहराच्या बाजूने पाहिले तर नळवाहिनी योग्य वाटते. वहनव्यय वाचेल, पाणी स्वच्छ येईल. मावळच्या काठावरून पाहिले तर नळवाहिनीत गेलेले पाणी नदीत दिसणार नाही, आणि नदीत पाणी नसेल तर पंप, विहीर व गुरे यांचे काय, हा प्रश्न उभा राहतो. त्या आंदोलनामागे जमिनीचा, जुन्या पुनर्वसनाचा व विश्वासाचा प्रश्न होता. केवळ मोजमापाने तो सुटला असता असे मी म्हणणार नाही. पण नदीत किमान किती क्युसेक वाहते राहील, आणि ते कोणी, कोठे व कोणासमोर मोजायचे, याचे उत्तर शेतकऱ्याला स्वतः वाचता आले असते तर बोलणी निराळ्या पायावर झाली असती, असे मात्र वाटते. जे मोजलेले दिसत नाही त्यावर विश्वास ठेवा, असे कोणाला सांगता येत नाही.

मोजून वाटल्याने काय साधते याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. ते मूळचे अभियंता व उद्योजक. सूक्ष्म मापनाची उपकरणे बनविणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरविता माणसांवर ठरविला. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांचे, उसासारख्या पिकाला मज्जाव, आणि भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. पाणी किती आहे हे ठाऊक होते म्हणून प्रत्येकाचा वाटा सांगता आला, आणि वाटा सांगता आला म्हणून तो मागता आला.

परदेशातील उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनचे. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर २०१८ च्या आरंभी तेथे नळ बंद करण्याचा दिवस जवळ आला. फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली. धरणांचा साठा आणि शहराचा वापर हे दोन्ही आकडे नागरिकांपुढे सतत ठेवले जात. तो दिवस शेवटी आला नाही. केवळ आकड्यांनी तो टळला नाही, पुढे पाऊसही झाला. तथापि आपण किती वापरतो हे लोकांना दिसत होते, ही गोष्ट उपयोगी पडली.

आणि ज्यांना मोजण्याइतकेही पाणी उरले नाही त्यांची अवस्था आमच्या आजोळी, लातूर जिल्ह्यात, २०१६ साली दिसली. एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूर शहराकडे रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी होते सुमारे पाच लाख लिटर. रोज ५० कोटी लिटरच्या उपशात तेवढे पाणी रावेतला दीड मिनिटात उचलले जाते. आपल्या दीड मिनिटासाठी तेथे तीन-साडेतीनशे किलोमीटर गाडी धावली. हे वाक्य मी आजीला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग तुमच्याकडं नळाला पहारा असंल." मला उत्तर सुचले नाही.

काय करता येईल?

मोठ्या योजना करणे आपल्या हाती नाही. परंतु काही साध्या गोष्टी मागता येतील व काही स्वतः करता येतील. धरणातून रोज सोडलेले पाणी आणि रावेतला उचललेले पाणी हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले जावेत, म्हणजे मधली तूट वाढली की लगेच लक्षात येईल. पवनेवरील पुलांच्या खांबांवर ठळक पातळीपट्ट्या रंगवाव्यात व त्या जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचता याव्यात. प्रत्येक उंच टाकीतून कोणत्या भागास किती पाणी गेले याची नोंद असावी, आणि पुरवठा तासांत न सांगता लिटरमध्ये सांगावा. वाहिनीच्या टोकाच्या घरातील दाब मुद्दाम तपासावा. पहिल्या घरात पाणी पोहोचते की नाही हे तपासण्याचे कारण नाही. चिंचवडच्या खाली नदीत उन्हाळ्यात जे वाहते त्यात सांडपाण्याचा भाग मोठा असतो. म्हणून विसर्गाबरोबर पाण्याची प्रतही मोजावी, नाही तर गटाराचे पाणी नदीच्या खात्यावर जमा होईल.

आपल्या कॉलेजापुरती एक सूचना करते. भूगोल विभागाने पवनेवर एक जागा निवडावी. पाळीपाळीने दोन-दोन विद्यार्थ्यांनी ठरलेल्या वेळी तेथील पातळी वाचून वहीत लिहावी. महिन्यातून एकदा प्राध्यापकांच्या देखरेखीखाली वेग मोजावा. पुरात अर्थातच पुलावरून केवळ पातळी पाहावी, पाण्यात उतरू नये. वस्त्यांतून येणाऱ्या मुलामुलींनी आपल्या घरच्या नळाची बादली घड्याळ लावून मोजावी. खर्च एका वहीचा, एका दोरीचा आणि नारळाचा. दरवर्षी या वार्षिकांकात त्या नोंदींचे एक पान छापावे. पहिल्या वर्षी ते पान कोणी फारसे वाचणार नाही. पाच वर्षांनी त्यावरून चांगले वर्ष कोणते व वाईट कोणते हे सांगता येईल. दहा वर्षांनी, टंचाई आली असताना, शहर व मावळ समोरासमोर बसले तर दोघांनाही मान्य होतील असे थोडेसे आकडे आपल्या विद्यार्थ्यांच्या वहीत असतील.

या कामासाठी नावे देणाऱ्यांनी भूगोल विभागात यावे. वहीचे पहिले पान मी आखून ठेवले आहे.